उद्या खायच्या चिकूइतकी हवा

आमच्या बोळिंजच्या सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवर सहसा दोनच गोष्टी सांगतो, पार्सल आलं किंवा टँकर आला नाही. त्या रविवारी सकाळी मात्र त्याचा आवाज चढला होता.

"साब, एक अंकल सायकल कंधे पे उठाके सीढ़ी से ऊपर आ रहे हैं. मैंने बोला, लिफ्ट चालू है. तो बोले, इसीलिए तो."

मी बायकोकडे पाहिलं. तिने काही न विचारता चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. दार उघडून मी जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळाने आधी सायकलचं हँडल वर आलं. मेंढ्याची शिंगं वळावीत तसं खाली वळलेलं. मग मागचं चाक, आणि त्या दोहोंच्या मध्ये अंकलचा चेहरा. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण धाप लागली होती ती मला, नुसतं बघून. पँटचा उजवा पाय केळीच्या वाळक्या सोपटाने बांधलेला. हँडलवरच्या पिशवीत कोंडा, आणि कोंड्यात निजवलेली गावठी अंडी.

"बायची का?" बायकोने त्यांच्या बहिणीचं नाव घेऊन विचारलं.

"कोंबड्यांची," अंकल म्हणाले आणि सायकल आमच्या टीव्हीला टेकवून बसले.

बोळिंजला येण्याआधी वसईतल्या पापडीला आम्ही बरीच वर्षं त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहिलो. मी मूळचा चिपळूणकडचा. हवा खारी आणि शेजारी बोलके एवढं जमलं की मला कुठेही चालतं. अंकल एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायचे, "विचारायला गेलो तेव्हा ती चौथ्या मजल्यावर होती, मी तळात." हे खरं की थट्टा ते मला कधी कळलं नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईतल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्त झाले आणि लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं. "आयुष्यभर वर-खाली केलं, आता फक्त आडवं जायचं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि आडवं जायला त्यांना मिळाली ही सायकल. परदेशात राहणारी त्यांची भाची आणि जावई एका नाताळला आले होते. जावयाने सायकल बरोबर आणली आणि जाताना मामांना देऊन टाकली. माझ्या ऑफिसातल्या एका हौशी मित्राने फोटो बघून सांगितलं, "अरे, ही ग्रॅव्हल बाईक! दिसते रेसिंगची, पण टायर रुंद. खडी, मुरूम, माती, कुठेही घाल." मी हे ज्ञान मोठ्या तोऱ्यात अंकलना दिलं. ते म्हणाले, "हो, खडीची सायकल. तिने मला सांगितलं पहिल्याच दिवशी."

तिने म्हणजे सायकलने.

अंकलचा एक नियम होता, आणि तो त्यांनी धर्मासारखा पाळला. खडीची सायकल डांबरावर चालवायची नाही. सिमेंटवर नाही, पेव्हर ब्लॉकवर नाही, फरशीवर नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "डांबर म्हणजे आडवी लिफ्ट रे. माणूस बसतो, लिफ्ट सांगते तिथे उतरतो. मधे एखादा मजला आवडला तरी थांबता येत नाही."

आता वसईत हा नियम पाळायचा म्हणजे किती वेडाचार, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण अंकलकडे वाटा होत्या. वाड्यांच्या मागून, केळीच्या रांगांमधून, पाटाच्या कडेने, विहिरींना वळसा घालून, मिठागरांच्या बांधांवरून त्या जायच्या. कुणाच्या वाडीचं फाटक कसं उघडायचं आणि कुणाचा कुत्रा नुसता आवाजाचा, हे त्यांना पाठ. डांबरी रस्ता आडवा आलाच तर खाली उतरायचे, सायकल खांद्यावर घ्यायचे आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवायला नेतात तसे सावकाश पलीकडे जायचे. दोन्हीकडच्या रिक्षा थांबलेल्या. एकदा एक रिक्षावाला वैतागून ओरडला, "ओ अंकल, सायकल माणसाला नेते. तुमच्याकडे उलटं चाललंय!"

"काल तिने नेलं," अंकल रस्त्याच्या मधोमध थांबून म्हणाले. "आज माझी पाळी."

टायरमधली हवा ते पंपाच्या काट्यावर बघत नसत. अंगठ्याने दाबायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. अगदी कडक टायर म्हणजे कच्चा आवळा. फार मऊ म्हणजे आजच खा. हवा कशी पाहिजे? उद्या खायच्या चिकूइतकी. आमची मुलगी तेव्हा लहान होती. तिने एकदा बाजारात चिकू दाबून फळवाल्याला सांगितलं, "यात हवा कमी आहे." त्यांच्या बोलण्याची वळणं अशी आमच्या घरात शिरली.

मीही त्या नादाला लागलो, हे ओघाने आलंच. पोट पुढे आलेल्या माणसाला सायकल दिसली की त्याला वाटतं, हेच राहिलं होतं. ऑफिसातल्या त्याच मित्राने हौस फिटल्यावर आपली रेसर मला दिली. तिचे टायर पेन्सिलीएवढे. मी ऑनलाइन पाहून चट्ट्यापट्ट्यांची, अंगाला चिकटणारी पँट मागवली. ती घालून जिना उतरलो तर बायको म्हणाली, "मागच्या गल्लीने जा. पुढच्या गल्लीत आपली ओळख आहे."

अंकल मला मिठागरांकडे घेऊन गेले. दोन्हीकडे पाणी, मधे मातीचा बांध, दूरवर मिठाचे ढीग. ते पुढे असे चालले होते जणू घरातल्या घरात हिंडतायत. माझं मात्र चाक बांधाच्या मऊ मातीत रुतायला लागलं. मी जोर लावला तसं आणखी रुतलं. मग मी पडलो, पण झटकन नाही. अगदी सावकाश, विचार करत करत, एखादी जुनी भिंत कलावी तसा कलत मी काळ्या चिखलात गेलो. मिठागरात काम करणाऱ्या बायका हातातलं टाकून बघत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "काय गो, शेठ पानी किती खोल ते बघाया उतरला का?"

अंकलनी मला हात दिला नाही. आधी माझा टायर दाबून पाहिला.

"कच्चा आवळा," ते म्हणाले. मग मला बाहेर काढलं, बांधावर बसवलं, पिशवीतलं सुकेळं दिलं आणि आपणही एक सोलून खाल्लं. वसईच्या वाळवलेल्या केळ्याचा तो गोड चिवट तुकडा चघळत त्यांनी मला एवढंच सांगितलं, "टायर कडक ठेवलास की वाट तुला बाहेर फेकते. जरा मऊ हो. मग वाट आत घेते."

हे वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं ही चूकच झाली. पुढे कित्येक दिवस मी कशावरही आवाज चढवला की ती माझा दंड अंगठ्याने दाबून बघायची.

पण अंकलची खरी वाट मिठागरावरची नव्हती. ती होती त्यांच्या घराच्या मागे, जेमतेम हाकेच्या अंतराची. त्यांची वाडी संपली की वडिलोपार्जित विहीर, दोन घरांची सामाईक. विहिरीपलीकडे त्यांच्या मोठ्या बहिणीचं अंगण. तिला सगळं गाव बाय म्हणायचं. अंकल रोज सकाळी निघायचे ते याच वाटेने: वाडी, विहीर, बायचं अंगण, मग पुढचं जग. अंगणात शिरताना दोनदा घंटी वाजवायचे.

पहिल्यांदा त्यांच्या मागोमाग गेलो तेव्हा मला वाटलं, बाय कोंबड्यांशी बोलतेय. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. नजर सुपात. आणि मोठ्याने म्हणत होती, "सरा गो बाजूला कोंबड्यांनो. वर-खालीवाला आला. लग्नाला पोचत नाय, पन तुमच्या अंगावर बरोबर टायमात पोचतो."

अंकल पायडल मारता मारता सायकलला म्हणाले, "कोंबड्या शहाण्या आहेत बघ. एका घरात एकाच जातीला शहाणपण मिळतं."

"जावयाची सायकल बरी चालते काही लोकांना," बाय कोंबड्यांना म्हणाली. "लग्न नाय चाललं."

एवढ्यात आम्ही अंगण ओलांडून गेलो होतो. मी बावळटासारखा विचारलं, "अंकल, त्या तुमच्याशी बोलत होत्या का?"

"माझ्याशी? छे. आमचं बोलणं नाही."

त्यांच्या घरातली बोली मला इतकी वर्षं राहूनही धड आली नाही. इथे लिहिलंय ते माझ्या कानाने जमेल तेवढं गोळा केलेलं. पण भांडणाचं मूळ मला बायकोकडून कळलं, कारण ती बायकडून अंडी आणायची, आणि आमच्या घरात बातम्या अंड्यांबरोबर येत.

झालं होतं असं. त्यांच्या घराण्यात लग्नाआधी नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. पहिली कळशी मामाने ओढायची. बायच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न, मामा एकच, तोही शेजारी राहणारा. अंकल त्या सकाळी मुंबईत गेले होते; कुठल्याशा इमारतीत लिफ्ट बंद पडली होती आणि साहेबाने गळ घातली होती. दुपारच्या आत येतो म्हणाले. लिफ्ट दुरुस्त केली, आत बसून खाली यायला बटन दाबलं, आणि ती दोन मजल्यांच्या मधे थांबली. अंकल आत. बाहेर काढणारा मेकॅनिक म्हणजे अंकलच. विहिरीवर वाजंत्री वाजत राहिली, बाया सजून उभ्या राहिल्या, नवरी हळद लावून बसली. शेवटी कुणीतरी लांबच्या मामाला पुढे केलं. अंकल पोचले तेव्हा मांडवात जेवणं सुरू झाली होती.

"लिफ्टमध्ये अडकलो," ते म्हणाले.

"लिफ्टवाला लिफ्टमध्ये अडकला?" बाय सगळ्यांसमोर म्हणाली. "दुसरं काही तरी सांग." लोक हसले. अंकल न जेवता परत फिरले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

भाचीला याचं काही नव्हतं. तिचं लग्न लागलं, ती परदेशी गेली, सुखात होती. पण ही दोघं शेजारी राहून तिथेच थांबली, दोन मजल्यांच्या मधे.

बायको एकदा म्हणाली, "बोलणं नाही तर त्या वाटेने जातात कशाला?" मलाही तोच प्रश्न पडला होता. मी हिय्या करून विचारलं. अंकल टायर पुसत होते.

"ती एकटी असते," म्हणाले. "सकाळी तिने शिव्या घातल्या की कळतं, बरी आहे."

मग एका पावसाळ्यात बाय अंगणातल्या शेवाळावर घसरली. हाड मोडलं नाही, पण खुबा सुजला. भाचीने तिकडून फोनवर फर्मान काढलं, अंगणाला पेव्हर ब्लॉक लागलेच पाहिजेत. बरोबरच होतं तिचं. पाऊस सरल्यावर एके दिवशी बायच्या दारात ब्लॉकचा ढीग पडला.

अंकलनी तो वाडीतूनच पाहिला. त्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली नाही.

"तेवढ्या अंगणापुरतं जा की ब्लॉकवरून," मी म्हणालो. "नाहीतर खांद्यावर घ्या, डांबर ओलांडता तशी."

ते माझ्यावर असे भडकले की मी एक पायरी मागे सरलो. "खांद्यावर घेऊन? तिच्या दारातून? चालत?" मग आवाज खाली आला. "सायकलवरून जाणारा माणूस बोलला नाही तर चालतं रे. तो घाईत असतो. चालत जाणारा माणूस बहिणीच्या दारातून न बोलता कसा जाईल? ते भांडण झालं."

मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. इतकी वर्षं न बोलता काढली ते भांडण नव्हतं. ते झालं असतं पायी गेल्यावर. पण नीट विचार केला तर त्यांचं खोटंही नव्हतं. त्या रुंद टायरांवर एक नातं कसंबसं तोल सांभाळून रोज अंगण ओलांडत होतं. चाक थांबलं की ते पडणार, किंवा बोलावं लागणार.

अंकल घरात बसून राहिले. सायकल व्हरांड्यात उभी. तिचे टायर बसत गेले आणि त्यांनी दाबूनही पाहिले नाहीत. बायकोने माडीवरून हे काही दिवस सहन केलं. मग वाटीत शिरा घेऊन खाली गेली. मी जिन्यात थांबलो, कारण असल्या वेळी मी जिन्यातच बरा.

"अंकल, इकडे हात करा," ती म्हणाली. त्यांनी वाटी घ्यायला हात पुढे केला. तिने वाटी दिलीच नाही, त्यांचा दंड अंगठ्याने दाबला.

"कच्चा आवळा," ती म्हणाली. "टायरला शिकवता, आणि स्वतः?"

अंकलनी तिच्या हातातून वाटी घेतली आणि शिरा संपवला.

तिकडे बायचंही बिनसलं होतं. बायको अंडी आणायला गेली की बाय तिला विचारी, पण सरळ नाही. कोंबडीला उचलून मांडीवर घ्यायची आणि तिला म्हणायची, "आजारी-बिजारी तर नाय ना गो कोन?" कोंबडी गप्प. बायको म्हणायची, "कोणी आजारी नाही." मग बाय पुन्हा कोंबडीला, "मग मेली घंटी का वाजत नाय?"

"ब्लॉक लागतायत ना, म्हणून," बायकोने शेवटी कोंबडीला सांगून टाकलं. "त्यांचा नियम आहे. कडक वाटेवरून सायकल नाही." बायने कोंबडी खाली सोडली.

ब्लॉक बसवायला जो कारागीर आला होता तो माझ्या बायकोला नंतर हे सगळं हातवारे करून सांगायचा. एका बाजूचं अर्धं अंगण झालं होतं. बाय काठी टेकत बाहेर आली आणि विहिरीपासून पलीकडच्या फाटकापर्यंत काठीने मातीत शेजारी शेजारी दोन रेघा ओढल्या. "इथे नाय लावायचे," म्हणाली. "एवढी माती तशीच ठेव." त्याने पाहिलं, वीतभर रुंदीची पट्टी. त्याला वाटलं, म्हातारीला निचरा पाहिजे.

"माई, नाली चाहिए? पानी जाएगा इसमें से?"

"पानी नाय रे," बाय म्हणाली. "भाऊ जाईल."

त्याला भाऊ म्हणजे कोणता प्राणी ते कळलं नाही, पण पट्टी त्याने ठेवली. दोन्हीकडे राखाडी ब्लॉक, मधून लाल मातीची रेघ, सरळ.

हे अंकलच्या कानावर घालायचं काम अर्थातच आमच्याकडे आलं. बायकोने नुसतं म्हटलं, "मागची वाट जरा बघून या." अंकल वाडीच्या टोकापर्यंत चालत गेले. बराच वेळ तिथे केळीआड उभे होते. परत आले ते थेट व्हरांड्यात. पंप काढला, हवा भरली, अंगठ्याने दाबलं, डोळे मिटले. पुन्हा थोडी सोडली. पुन्हा दाबलं.

"चिकू?" मी विचारलं.

"उद्याचा," ते म्हणाले. पण गेले आजच.

मी मागोमाग धावलो, सायकलशिवाय. अंकल विहिरीला वळसा घालून अंगणाच्या तोंडाशी आले. दोनदा घंटी वाजली. बाय दारात होती, सूप मांडीवर, नजर सुपात. कोंबड्या आजूबाजूला. चाक मातीच्या पट्टीवर चढलं आणि अगदी बरोबर बसलं. मी मनात टाळी वाजवली.

अरुंद वाटेवर सायकल चालवायची तर वाटेकडे बघायचं असतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. अंकलनी बायकडे बघितलं. टायर ब्लॉकच्या कडेला घासला, हँडल फिरलं, आणि मिठागरात मी पडलो होतो तसेच, सावकाश, विचार करत करत, अंकल बहिणीच्या अंगणात आडवे झाले. कोंबड्या फडफडत उडाल्या. सायकल एकीकडे, सुकेळी दुसरीकडे.

मी पुढे जाणार होतो, पण बायने हात वर केला. मी थांबलो. तिने सूप बाजूला ठेवलं आणि काठी टेकत त्यांच्यापर्यंत आली. गुडघा फुटला होता, पँट मातीने भरली होती. इतक्या वर्षांनी ती सरळ त्यांच्याकडे बघून बोलणार होती.

"एवढा रुंद टायर," ती म्हणाली, "आनि पडलास."

"तू वाट अरुंद ठेवलीस," अंकल जमिनीवरूनच म्हणाले.

"बघून यायचं. वर उठ. गुडघा धू."

अंकल लंगडत विहिरीपाशी गेले. विहिरीला आता पंप आहे. खांबावर लाल बटन आहे, दाबलं की नळाला पाणी येतं. त्यांनी बटनाकडे हात नेला.

"बटन नको," मागून बाय म्हणाली. "बटनानं एकदा बुडवलंय. हातानं ओढ."

तिने घरातून तांब्याची कळशी आणली होती. घासून लख्ख केलेली, गळ्याला नवा दोर. ती काही तेवढ्या वेळात घासून झालेली नव्हती. अंकल त्या कळशीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती विहिरीत सोडली. दोर सळसळत गेला, खाली पाण्याचा आवाज झाला, आणि सत्तरीला टेकलेला तो माणूस दोन्ही हातांनी ओढू लागला. भरलेली कळशी काठावर आली तेव्हा त्याच्या गुडघ्यावरचं रक्त कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

"ही पहिली," बाय म्हणाली. "राहिली होती."

ती ओंजळ धरून वाकली. अंकलनी तिच्या ओंजळीत पाणी ओतलं, आणि तिने ते अंगणाच्या मधोमध, त्या लाल पट्टीवर शिंपडलं.